रिकाम्या होलचा हिशोब

युरेनियम शोधायला जमिनीत आठ होल मारले होते आम्ही त्या हिवाळ्यात. सात रिकामे, आणि एकात चाळीस सेंटिमीटर युरेनियम, तेही इतकं फिकं की खाण वगैरे सोडाच, त्याच्या बाजूला अजून एक होल मारायचा की नाही यावरच कॅम्पमध्ये दोन दिवस वाद चालला. हे सगळं इतक्या वर्षांनी लिहायला बसले कारण मागच्या आठवड्यात एका अनोळखी जिओलॉजिस्टचा मेल आला, त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

मी तेव्हा एका ज्युनिअर मायनिंग कंपनीत कोअर लॉगिंग, म्हणजे होलमधून निघालेला दगड बघून नोंदी लिहायचं काम करायचे, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या उत्तरेला, अथाबास्का बेसिनमध्ये. कंपनीचं नाव घेत नाही, आणि ती आता त्या नावाने उरलेलीही नाही. ज्युनिअर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्युनिअर कंपनीकडे खाण नसते, विकायला माल नसतो, उत्पन्न शून्य. ऑफिसात चार-पाच माणसं, टोरंटो नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात एक नाव, आणि सरकारकडून घेतलेले जमिनीचे काही तुकडे ज्यांना क्लेम म्हणतात. शेअर विकून पैसा उभा करायचा, तो पैसा जमिनीत होल मारण्यात घालायचा, काही सापडलं तर पुढचे शेअर जरा वरच्या भावाने विकायचे, नाही सापडलं तर खालच्या भावाने. बस, एवढाच धंदा. बहुतेक ज्युनिअर आयुष्यात एक पाउंडही यलोकेक, म्हणजे विकायला तयार युरेनियमची पावडर, काढत नाहीत आणि लोक त्यालाच फसवणूक म्हणतात, ते मला पटत नाही, कारण फसवणूक जिथे होते ती जागा वेगळीच आहे.

अथाबास्कात सगळे का धावतात ते आधी सांगते. जगातल्या बऱ्याच युरेनियम खाणींमध्ये दगडात युरेनियमचं प्रमाण एका टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं, नामिबियातल्या मोठ्या उघड्या खाणींमध्ये तर त्याहूनही कमी. आणि इथे सिगार लेकला ते पंधरा टक्क्यांच्या वर आहे. दीड अब्ज वर्षांहून जुना वाळूचा खडक वर, त्याच्या खाली त्याहून जुना, दाबून-भाजून निघालेला पाया, आणि या दोघांच्या सांध्यावर हे घबाड बसलेलं असतं. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळतं आणि वाहत राहतं, मग त्या पाण्याला भेगांमधून ग्राफाइट वगैरे भेटलं की रसायन उलटं फिरतं आणि युरेनियम तिथेच साचतं. म्हणून ज्युनिअर लोक विमानाला नाहीतर हेलिकॉप्टरला यंत्रं लावून जमिनीखाली वीज वाहून नेणारे पट्टे शोधतात, ग्राफाइट वीज वाहून नेतं ना. पण ग्राफाइटचे पट्टे मैलोन्मैल आणि घबाड असतं काही शे मीटरचं. पट्टा सापडणं म्हणजे गल्ली सापडणं, घर नंबर माहीत नाही, आणि प्रत्येक दार ठोठवायला प्रचंड पैसा लागतो.

होल मारायचे बरेचदा हिवाळ्यात, कारण निम्मा प्रदेश तळी आणि दलदल आहे, तो गोठला की मगच त्यावर रिग, म्हणजे होल मारायचं यंत्र, नेता येते. तळ्याच्या बर्फावर पाणी ओतून ओतून बर्फ जाड करतात आणि त्यावर रिग उभी करतात. आम्ही जानेवारीत गेलो आणि वसंतात बर्फ सुटायच्या आत सगळं आवरून निघायचं होतं. दगडाचा लांब दांडा, म्हणजे कोअर, लाकडी खोक्यांमधून यायचा आणि मी एकेक मीटर बघून लिहायचे, रंग काय, भेगा किती, कुठे चिकणमाती झालीये, कुठे लाल पडलाय, कुठे रंग उडून पांढरा झालाय. बाजूला सिंटिलोमीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र. साध्या दगडावर तो सेकंदाला शंभरच्या आसपास दाखवायचा. दिवसभर शंभर, एकशे दहा, पंच्याण्णव, शंभर. पाचव्या होलला एका खोक्यावर तो चारशेवर गेला, मग दोन हजार, आणि कोअर बघायच्या शॅकमध्ये एकदम सगळे बोलायचे थांबले. तो क्षण मी विसरणार नाही, खरंच, हात थरथरत होता माझा. चाळीस सेंटिमीटर पुढे सरकवला आणि परत शंभर.

मग बातमी निघाली. शेअर बाजारासाठीचं निवेदन मी कॅम्पमध्ये बसून वाचलं आणि मला माझाच होल ओळखू येईना. साठ मीटरचा बदललेला खडक, त्यात किरणोत्सार, पुढे मोठ्या शक्यता, असं सगळं वरच्या परिच्छेदात, आणि बाकीचे सात होल अगदी शेवटच्या तक्त्यात बारीक अक्षरात. त्यात एकही आकडा खोटा नव्हता हो. साठ मीटर खडक बदललेला होताच, किरणोत्सारही होता, फक्त तो साठात चाळीस सेंटिमीटर होता आणि वाचणाऱ्याला ते कळणार नाही अशा पद्धतीने वाक्य बांधलेलं होतं. मी फोन करून सांगितलं, असं नका लिहू. उत्तर आलं की तू दगड बघ, आम्ही लिहिण्याचं बघतो. तेव्हापासून हा विषय माझ्या मनाला लागलाय, आणि जो कुणी युरेनियमच्या छोट्या कंपन्यांचे शेअर घेऊ का विचारतो त्याला मी आधी निवेदन वाचायला शिकवते.

पहिली गोष्ट, काउंट्स पर सेकंद, म्हणजे सिंटिलोमीटरवरचा तो आकडा, म्हणजे ग्रेड नाही, ग्रेड म्हणजे दगडात युरेनियम किती टक्के. हातातला सिंटिलोमीटर गॅमा किरण मोजतो, ते किरण युरेनियमपासून थेट फारसे येत नाहीत, त्याच्या विघटनातून पुढे तयार होणाऱ्या बिस्मथसारख्या मुलांकडून येतात. होलमध्ये प्रोब सोडून मोजलेला आकडा असेल तर ग्रेडच्या आधी ई हे अक्षर लावतात, ई म्हणजे इक्विव्हॅलंट, अंदाजाने तेवढं. आणि काही ठिकाणी, विशेषतः वाळूच्या खडकातल्या तरुण साठ्यांमध्ये, युरेनियम पाण्याबरोबर पुढे सरकलेलं असतं आणि मुलं मागे राहिलेली असतात, मग प्रोब ओरडतो पण खोक्यात माल कमी. लॅबमधला रासायनिक रिपोर्ट येईपर्यंत धीर धरायचा असतो आणि नेमका तोच धीर बाजारात कुणाकडे नसतो.

दुसरी गोष्ट, जाडी. उभा उतरणारा साठा असेल आणि होल त्याच्याच अंगाने खाली गेला तर शंभर मीटर लागल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात साठा पाच मीटर रुंद. म्हणून निवेदनात खरी जाडी दिलीये का ते शोधायचं, बहुतेकदा "खरी जाडी अजून ठरलेली नाही" असं एक वाक्य तळाशी असतं, ते वाक्य वगळून पुढे जाऊ नका. तिसरी गोष्ट म्हणजे सरासरीत एखादा छोटासा श्रीमंत तुकडा धरून आजूबाजूचा गरीब खडक त्यात मिसळून लांबलचक पट्टा दाखवणं, यासाठी आतले तुकडे वेगळे दिलेत का बघायचं. आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, रिकामे होल कसे सांगितलेत. नकाशावर दाखवलेत का? कुठल्या दिशेने, किती खोल, का रिकामे गेले असं त्यांना वाटतं? जी कंपनी रिकाम्या होलबद्दल दोन परिच्छेद लिहिते तिच्यावर माझा विश्वास बसतो. तिचा माल मुळात माहिती हाच आहे, दुसरं ती काही बनवतच नाही.

१९९७ मध्ये ब्रे-एक्स या कंपनीचं प्रकरण झालं, इंडोनेशियातल्या बुसांगला सोनं आहे म्हणून सांगितलेलं आणि नमुन्यांमध्ये सोनं बाहेरून मिसळलेलं निघालं, त्यानंतर कॅनडाने २००१ पासून नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१ हा नियम लावला. साठ्याचा आकडा जाहीर करायचा तर जबाबदार, पात्र तज्ज्ञाची सही लागते, आणि आकड्याला दर्जा द्यावा लागतो, वाढत्या खात्रीप्रमाणे इन्फर्ड, इंडिकेटेड, मेझर्ड, आणि खाण परवडते असा अभ्यास झाला तरच रिझर्व्ह म्हणता येतं. ऑस्ट्रेलियात जॉर्क कोड आहे, तोही याच धर्तीचा. नियम चांगले आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण नियम आकड्याला लगाम घालतो, वाक्याच्या सुराला नाही.

आता पैशाची बाजू, जी मला तेव्हा कळत नव्हती आणि कळली तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आम्ही सातवा आणि आठवा होल जिथे मारला तिथे मारायला मी आणि माझे सीनिअर दोघंही तयार नव्हतो, पाचव्या होलची लॅब यायची होती, ती बघून जागा ठरवू म्हणत होतो. वरून आदेश आला की मारा. कारण होतं फ्लो-थ्रू शेअर. कॅनडात शोधकार्यावर केलेला खर्च कंपनी स्वतःच्या टॅक्समध्ये न धरता शेअरहोल्डरच्या नावावर करू शकते, त्याला टॅक्समध्ये सूट मिळते आणि म्हणून तो चढ्या भावाने शेअर घेतो. योजना उत्तम आहे, तिच्याशिवाय उत्तरेत निम्मं ड्रिलिंग झालंच नसतं. पण तो पैसा ठराविक मुदतीत जमिनीतच खर्च करावा लागतो, आणि मुदत संपायची आणि बर्फ सुटायची वेळ जवळ आली की डोकं बाजूला ठेवून होल मारले जातात. म्हणजे दोन होल टॅक्सच्या कॅलेंडरने मारले, जिओलॉजीने नाही. हे माझ्या मनाला अजून लागतं.

आणि हा पैसा प्रत्येक वेळी नवे शेअर छापून येतो, सोबत वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने अजून शेअर घ्यायचा हक्क. तुमच्याकडे कंपनीचा एक टक्का असेल तर चार फेऱ्यांनंतर तो अर्धा नाहीतर पाव होतो, तुम्ही काहीही न विकता. शेअरचा भाव बघण्याआधी एकूण शेअर किती, वॉरंट किती आणि हातात किती महिन्यांचे पैसे, हे तीन आकडे बघा असं मी सांगते, सगळे तिमाही अहवालात असतात.

मग कुणी म्हणेल इतकं सगळं आहे तर यात पडायचंच कशाला. कारण शोध खरंच लागतात, आणि छोट्यांनाच लागतात बऱ्याचदा! हॅथर एक्स्प्लोरेशन नावाच्या छोट्या कंपनीला २००८ च्या फेब्रुवारीत रफरायडर नावाचा साठा सापडला, जुन्या खाणींच्या शेजारी, जिथे मोठे लोक कित्येक वर्षं वावरत होते. २०११ मध्ये कॅमेको या मोठ्या युरेनियम कंपनीने शेअरमागे ३.७५ डॉलर देऊ केले, रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने ४.१५, कॅमेको ४.५० वर गेली, रिओने ४.७० देऊन सुमारे ६५ कोटी कॅनेडियन डॉलरला कंपनी घेतली. फिशन नावाच्या छोट्या कंपनीच्या लोकांना पॅटरसन लेकच्या भागात विमानातून केलेल्या सर्व्हेनंतर जमिनीवर किरणोत्सारी दगड सापडले, हिमनदीने कुठून तरी घासत आणलेले, मग ते दगड कुठून आले असतील याचा उलटा माग काढत काढत २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये होल लागला, आणि साठा निघाला तळ्याखाली. दगडांचा माग काढणं ही तिथली जुनी विद्या, की लेकची खाणसुद्धा सत्तरच्या दशकात अशीच सापडली. त्याच पॅटरसन लेकच्या शेजारी २०१४ च्या फेब्रुवारीत नेक्सजेन या ज्युनिअरला ॲरो नावाचा साठा लागला, पहिल्याच होलमध्ये, तेव्हा कंपनी बाजारात येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

पण शोध लागला म्हणजे खाण झाली का? ॲरोचंच बघा. सुमारे २४ कोटी पाउंड वजनाचा रिझर्व्ह, जगातल्या सर्वोत्तम साठ्यांपैकी एक, आणि प्रांताची पर्यावरण मंजुरी आली २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, केंद्रीय अणु आयोगाच्या सुनावणीचा पहिला भाग झाला २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये. खाण बांधायचा खर्च २०२१ च्या अभ्यासात १३० कोटी कॅनेडियन डॉलर होता, तो २०२४ मध्ये २२० कोटी झाला. सिगार लेक तर १९८१ मध्ये सापडलं आणि पहिलं खनिज निघालं २०१४ मध्ये, मधे २००६ आणि २००८ असं दोनदा खाणीत पाणी शिरलं, आणि आता जमीन आधी मिठाच्या पाण्याने गोठवून घेतात आणि मग उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने दगड कापतात, माणूस खनिजाजवळ जातच नाही. तेहतीस वर्षं. आणि यामागे कॅमेकोसारखी मोठी कंपनी होती. ज्युनिअरच्या एखाद्या प्रेझेंटेशनमध्ये जेव्हा "उत्पादन पाच वर्षांत" दिसतं तेव्हा मला हे आठवतं. शोध लागल्यावर भाव चढतो आणि मग परवाने, अभ्यास, कर्ज या लांब वाळवंटात तो खाली खाली येतो, याला लसॉन्ड कर्व्ह म्हणतात, पियर लसॉन्ड यांच्या नावावरून, फ्रँको-नेवाडा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक.

आणि या सगळ्याच्या वर युरेनियमचा भाव. २००७ च्या जूनमध्ये स्पॉट भाव पाउंडाला १३६ डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा शेकडो ज्युनिअर उगवल्या. त्याच वर्षी फ्रान्सच्या अरेव्हा या अणुऊर्जा कंपनीने युरामिन नावाची दोन वर्षांची ज्युनिअर सुमारे २५० कोटी डॉलरला घेतली, तिचे आफ्रिकेतले साठे अपेक्षेपेक्षा फारच गरीब निघाले आणि पुढे बहुतेक रक्कम बुडीत म्हणून लिहावी लागली, चौकशा लागल्या. २०११ ला फुकुशिमा झालं, २०१६ च्या शेवटी भाव वीस डॉलरच्याही खाली होता. मग बऱ्याच ज्युनिअरनी नावं बदलली, कुणी लिथियममध्ये गेलं, कुणी गांजात. २०२२ मध्ये रिओने तेच रफरायडर १५ कोटी अमेरिकन डॉलरला युरेनियम एनर्जी कॉर्पला विकून टाकलं. आणि २०२४ च्या जानेवारीत भाव परत शंभरच्या वर. दगड तोच, तेवढाच, तिथेच. ज्या माणसांनी तो शोधला त्यांचं आयुष्य मात्र या आलेखाबरोबर वरखाली होत राहिलं, माझ्या सीनिअरने २०१३ नंतर जिओलॉजी सोडली ती कायमची.

एका गोष्टीबद्दल कॅम्पमध्ये कुणी बोलायचं नाही, ती म्हणजे ही जमीन रिकामी नाही. आमच्याबरोबर कामाला एक वयस्कर डेने, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजातले, गृहस्थ होते, बर्फाची जाडी तेच मोजायचे आणि ते म्हणतील तरच रिग हलायची. त्यांच्या घरच्यांची सापळे लावायची वाट आमच्या क्लेममधून जात होती आणि क्लेम घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मला गनरबद्दल सांगितलं. अथाबास्का तळ्याच्या काठावर १९५५ ते १९६४ च्या काळात गनर नावाची खाण चालली, कंपनी निघून गेली आणि खाणीचा गाळ तसाच उघड्यावर राहिला, पुढे कित्येक दशकांनी सरकारी पैशातून साफसफाई सुरू झाली आणि अडीचेक कोटी डॉलरचा अंदाज वाढत वाढत पंचवीस कोटींच्या पुढे गेला. जवळच युरेनियम सिटी, १९८२ मध्ये खाण बंद झाली आणि हजारोंचं गाव शंभराच्या आत आलं. हे ज्यांनी पाहिलंय ते नव्या कंपनीचं रंगीत ब्रोशर बघून लगेच हो म्हणणार नाहीत आणि म्हणूही नये. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कोल्स हिलला मोठा साठा असूनही राज्याने १९८२ पासून युरेनियम खाणीवर बंदी ठेवली, कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये हरली. ग्रीनलंडने २०२१ मध्ये युरेनियम खाणीवर बंदीचा कायदाच केला. आफ्रिकेतल्या नायजर देशाने २०२४ मध्ये गोव्हिएक्स या कंपनीचा मादौएला साठ्याचा परवाना काढून घेतला. लोकांची संमती हा शेवटचा चेकबॉक्स नाही, ती पहिल्या होलच्या आधीची गोष्ट आहे, आणि ज्या कंपन्यांना हे उशिरा कळतं त्यांचे सगळे होल फुकट जातात.

तर तो मेल. आमच्या कंपनीने शेवटी ते क्लेम सोडले, पण क्लेम टिकवण्यासाठी केलेल्या कामाचे रिपोर्ट प्रांताकडे द्यावे लागतात आणि काही वर्षांनी ते सगळ्यांसाठी खुले होतात. तीच जमीन आता दुसऱ्या एका ज्युनिअरने घेतलीये. तिथला एक तरुण जिओलॉजिस्ट, माझ्या मुलाच्या वयाचा असेल, त्याने सगळे आठ लॉग वाचले आणि मला शोधून काढून लिहिलं. पाचव्या होलबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही! त्याला सहावा होल हवा होता. रिकामा. २१२ मीटरवर मी लिहिलं होतं, ग्राफाइट, चिकणमाती, रंग उडालेला, पूर्वेकडे वाढतोय, आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्याचा प्रश्न एवढाच होता की ते प्रश्नचिन्ह का.

जुनी वही माळ्यावरून काढायला एक दुपार गेली. पानावर पेन्सिलने काढलेला कोअर, चार मीटर पांढरा पडलेला, बोटाने चुरगळणारा खडक, भेगांची दिशा, आणि समासात बाण. तेव्हा मला वाटलेलं की आपण भ्रंशाच्या, म्हणजे खडक सरकलेल्या मोठ्या भेगेच्या, चुकीच्या बाजूला उतरलोय, पूर्वेला पन्नास मीटर सरकून अजून एक होल मारायला हवा, पण सातवा आणि आठवा आधीच ठरलेले होते, पश्चिमेला. मी त्याला पानाचा फोटो पाठवला आणि हे सगळं लिहिलं. कोअरची खोकी अजून जुन्या कॅम्पच्या मागे रॅकवर आहेत म्हणाला, वरचं लाकूड कुजलंय पण ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरचे होल नंबर वाचता येतात. जानेवारीत जाणार आहे तो, बर्फ पुरेसा जाड झाला की.